अंबू वानरीचे चार श्वास

एका जंगलात वाघ पाणवठ्यावर आला. मुलांनो, तो आला तेव्हा ही गोष्ट सांगणारे कुणीही तिथे हजर नव्हते. चितळांचा कळप उधळलेला आम्ही पाहिला नाही. जे पुढे येते ते थोडे अंबू वानरीच्या तोंडचे आहे आणि थोडे कचेरीच्या अहवालातले. दोहोंचा मेळ बसणार नाही तिथे अंबूचे ऐकावे.

अंबू इशारा कचेरीत नोकरीला होती. पाणवठ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर बसायचे आणि गवतात वाघाचे कान दिसले की "खॅक्! खॅक्!" ओरडायचे. मग खाली पाणी पिणाऱ्या चितळांनी पळायचे. एवढेच ते काम.

वानरांची जुनी रीत अशी, की एका झाडावर दोघींनी बसावे. एकीने पाहावे, दुसरीने पाला खावा. मग आलटून पालटून. वाघ येऊन गेला की दोघींची छाती धडधडे. तेव्हा एकीने दुसरीचे केस विंचरून उवा टिपाव्यात. दहा-वीस उवा टिपून होईतो धडधड थांबे. या रीतीला कचेरीत नाव नव्हते, म्हणून तिची नोंद नव्हती.

नोंद नसलेले ते अनावश्यक, असे एका सभेत ठरले. अंबूची जोडीदारीण गोदाक्का ओढ्यापलीकडच्या झाडावर पाठवली गेली. अंबू एकटी उरली. तिला अन्न गोड लागेना. पान वाजले तरी ती दचके. तिने अर्ज केला : गोदाक्काला परत पाठवावे.

कल्याण अधिकारी होते साळिंदर. स्वभावाने अतिशय मायाळू. मात्र त्यांच्या गळ्यात पडून रडण्याचे धाडस आजवर कुणी केले नव्हते.

"अंबूबाई, तुमचा अर्ज वाचून मला अगदी भरून आलं," साळिंदर म्हणाले. "नाही, नाही, त्या दगडापलीकडेच थांबा. कचेरीनं तुमच्यासाठी तंत्रज्ञान आणि मायेचा आधार, दोन्हींची सोय केली आहे."

"आणि गोदाक्का, साहेब?"

"या दोन्हींत गोदाक्का आलीच की!"

तंत्रज्ञान म्हणजे शांतिपट्टा. तो मनगटाला बांधायचा. छातीचे ठोके वाढले की तो थरथरे आणि मंजुळ आवाजात बोलू लागे. तेव्हा डोळे मिटून आठ श्वास मोजायचे. तेवढ्यात तोंडातून मोठा आवाज निघालाच, तर 'उद्रेक' अशी नोंद होई. तीन उद्रेकांनंतर सक्तीची विश्रांती, आणि झाड रिकामे.

"पण साहेब, ओरडणं हेच तर माझं काम आहे."

"मग ओरडा ना! कोण नको म्हणतंय? फक्त शांतपणे ओरडा."

मायेचा आधार म्हणजे समुपदेशक घुबड. भेटीची वेळ भर दुपारची. अंबूने तासभर मन मोकळे केले. घुबडाने एकदाही तिला मध्ये तोडले नाही. शेवटी तिने विचारले, "मग मी करू काय, दादा?" उत्तरादाखल घुबड घोरले. अहवालात घुबडाच्या नावापुढे 'अत्यंत संयमी श्रोता' असा शेरा आहे.

एकदा गोदाक्का पाणी प्यायला आली आणि झाडावर चढली. सवयीने तिने अंबूच्या केसांत बोटे घातली. पट्टा लगेच बोलला, "कामाच्या वेळेत परका स्पर्श आढळला आहे."

"परका? मेल्या, तुझ्या जन्माआधीपासून हिच्या उवा मी काढतेय!" गोदाक्काने पट्ट्याकडे रोखून पाहिले. "हे काय लोढणं बांधून घेतलंस गं?"

"मी घाबरू नये म्हणून दिलंय, अक्का."

"आणि घाबरलीस तर?"

"तर नोंद होते. दोन झाल्यात. तिसरी झाली की मला खाली उतरवतील. मग या कळपाकडे कोण बघणार?"

"म्हणजे आता तू वाघाला घाबरतेस की पट्ट्याला?"

अंबूने मनगटाकडे पाहिले. पट्टा थरथरत होता.

चार दिवसांनी सकाळी अंबूला गवतात दोन कान दिसले. कळप पाण्यावर होता. एक पाडस आईपासून थोडे लांब, गवताच्या बाजूला गेले होते.

"अंबू, तू जरा अस्वस्थ वाटतेस," पट्टा म्हणाला. "डोळे मीट. एक..."

अंबूने डोळे मिटले. एक. दोन. तीन. चार.

पाचवा श्वास तिने घेतला नाही. डोळे उघडले, तर कान मघाच्या जागी नव्हते. तिने दातांनी पट्टा तोडला, खाली भिरकावला आणि दोघींच्या वाटचे ओरडली. कळप उधळला. धूळ बसल्यावर एक मादी एकटीच परत आली आणि काठाकाठाने हाका मारत फिरू लागली.

पट्टा दगडावर पडून होता. त्याला ठोके मिळेनात. आठ दिवस तो 'परिपूर्ण शांतता' असे कळवत राहिला. नवव्या दिवशी साळिंदर फुलांचा हार काठीच्या टोकाला अडकवून आले. अंबू जंगलातली सर्वांत शांत कर्मचारीण ठरली होती.

"साहेब," अंबू म्हणाली, "मी चौथ्या श्वासानंतर ओरडले. पहिल्यालाच ओरडले असते तर?"

"तुम्ही ओरडल्याची नोंदच नाही, बाई. चार श्वासांची मात्र आहे. फार सुरेख श्वास होते."

"मग आता तरी गोदाक्काला पाठवा."

"इतक्या शांत कर्मचारिणीला जोडीदारीण कशाला हवी?" साळिंदर कौतुकाने म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, कामावर मन शांत हवे असेल तर पट्टा मनगटाला न बांधता दगडावर ठेवावा, आणि दुःख नेहमी झोपलेल्यालाच सांगावे, त्याने दोघांनाही त्रास होत नाही. आता प्रश्न उरतो पाडसाचा. ते वाघाने नेले, की गवतात वाट चुकले, हे अद्याप कुणालाही सांगता आलेले नाही.