मानसीनं न बोललेला नवस

मानसीनं एकदा बेत आखला की त्यात सुई शिरायलाही जागा नसते, असं निदान मानसीचं तरी ठाम मत होतं. रविवारी पहाटे घर सोडायचं, माचीच्या डोंगराच्या पायथ्याशी मुंबईच्या एका मंडळानं ठेवलेल्या दहा किलोमीटरच्या डोंगरधावेला उभं राहायचं, पळत वर जायचं, पळत खाली यायचं, गळ्यात पदक घालायचं आणि चिमीची दुसरी खिचडी शिजायच्या आत घरी हजर! चिमी आजीपाशी, आजी चिमीपाशी, फोन दोघींच्या मध्ये. कुठे फट आहे का? नाहीच!

"एक आहे," तिचा नवरा मितेश म्हणाला. "तू डोंगरावर असताना चिमीला इथे शिंक आली, तर तू वरून थेट उडी मारशील."

हे अगदीच खोटं नव्हतं. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झालेल्या बाईला मूल झालं की घरादाराचं काय होतं, ते त्यांच्या खारआळीनं दीड वर्ष पाहिलं होतं. इतर आयांना जमिनीवर धूळ दिसते, मानसीला जंतू नावानिशी दिसत. चिमीचा खुळखुळा दिवसातून इतक्या वेळा उकळला जाई, की शेजारच्या ठमाकाकीनं एकदा विचारलं होतं, "रस्सा कशाचा हाय गो?"

आणि या सगळ्या काळज्यांच्या मुळाशी एक मोठी काळजी होती. चिमी चालत नव्हती. दीड वर्ष पुरं झालं, तरी चालत नव्हती. रांगायची मात्र अशी, की खाजणातल्या खेकड्यानं बाजूला होऊन वाट द्यावी! अलिबागच्या डॉक्टरांनी तिला उलटसुलट करून तपासलं, हसले आणि म्हणाले, "ठणठणीत आहे. मनात येईल तेव्हा चालेल." मानसीनं मान डोलावली. मान डोलावणं आणि जिवाला पटणं यात मात्र अलिबाग ते मांडवा एवढं अंतर असतं. तिनं फोनचा कॅमेरा कायम तयार ठेवला होता. पहिलं पाऊल पडलं की टिपायचंच! फोनमध्ये नुसत्या बसलेल्या चिमीचे शेकडो व्हिडिओ साठले होते.

म्हणून ती पळायला लागली. कॉलेजात पळायची, तशी. खारीच्या बांधावरून भल्या सकाळी पळताना डोकं रिकामं व्हायचं. चिमी चालेल का, कधी चालेल, हे सगळे प्रश्न धापा टाकत मागे राहायचे. घरी परत आलं की ओट्यावर बसून पुन्हा भेटायचे, ती गोष्ट वेगळी.

पण खारआळीत आजवर कुणी विनाकारण पळालं नव्हतं. पहिल्या दिवशी ठमाकाकीनं तिला बांधावरून येताना पाहिलं आणि तिच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर दगड भिरकावला.

"काकी, कुणाला मारता?"

"कुत्रं लागलंय ना मागं?"

"नाही हो. मी अशीच पळतेय."

"अशीच?" ठमाकाकीनं दुसरा दगड खाली टाकला. कुत्र्यापेक्षा हे प्रकरण गंभीर होतं.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात ठमाकाकी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलायला येऊन बसली. मानसीची सासू कमळाबाई समोर होती. शेंगा सोलल्या जात होत्या आणि सूनही.

"कमळे, लेकुरवाळी बाई पोर घरात टाकून पळत सुटते. बरं दिसतं का? आख्खी आळी बोलते."

कमळाबाईचे हात थांबले. तिनं दारातल्या मानसीकडे पाहिलं. मग मोठ्यानं, अगदी पलीकडच्या ओट्यावर जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं, "मानसी, रविवारी पळत कुठवर जायचं हाय गो?"

"माचीपर्यंत, आई. देवळाला वळसा घालून खाली."

"माचीच्या आईच्या देवळाला?"

"हो."

"पळत? मधी न थांबता?"

"थांबून कसं चालेल? वेळ लावलेली असते."

"ऐकलंस ठमे?" कमळाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "पोर चालत न्हाय म्हनून बोलली असंल आईला. तुज्या दारी पळत येईन म्हनून."

"आई! असलं काही नाही! नवसबिवस काही बोलले नाही मी!"

ठमाकाकीच्या हातातली शेंग सुपात पडली. फेडेपर्यंत नवस तोंडातून काढायचा नाही, ही खारआळीची रीत. जो बोललाय तो कधी हो म्हणत नाही, म्हणूच नये. आता एखादी बाई कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत नाही नाही म्हणते, म्हणजे नवस केवढा मोठा असेल!

"नको बोलू, बाय," ठमाकाकी गहिवरून म्हणाली. "मी काय इचारलंच न्हाय तुला."

"अहो काकी, खरंच..."

"एक शबूद नको!"

आणि शेंगा तशाच टाकून ठमाकाकी निघाली. कुत्र्याचा पाठलाग चुकवावा, तशी पळत.

दुसऱ्या दिवसापासून नारळ यायला लागले. ही आळीची दुसरी रीत. घरातलं कुणी माचीवर नवस फेडायला निघालं की बाकीच्या घरांनी त्याच्या हाती आपला नारळ द्यायचा. तेवढंच आईला आपलं नाव कळतं. सोलून शेंडी ठेवलेले, लाल फडक्यात बांधलेले, ज्याच्या त्याच्या घराची खूण केलेले नारळ! शनिवारी संध्याकाळी मानसीच्या ओटीवर चालायला जागा उरली नाही. चिमी त्यांच्यामधून बुद्धिबळातल्या घोड्यासारखी अडीच घरं रांगत होती.

मानसीची पळायची पाठपिशवी पाण्याची एक बाटली, चार खजूर आणि एक रुमाल मावेल एवढीच.

"मितेश, सांग ना आईंना!"

"मी? बायकोचा नवस मोडायला निघाला म्हणून आळीत तोंड दाखवता येणार नाही मला."

"नवस नाहीये!"

"हळू बोल. अजून चार नारळ येतील."

हसता हसता तो वाकला. ओटीच्या कोपऱ्यातला एक लहानसा नारळ उचलून उगाच हातात फिरवत राहिला.

"सगळे नकोत. एक तरी ने."

"कुणाचा आहे?"

मितेशचे दोन ट्रेलर रात्रंदिवस बंदराच्या वाटेवर धावत असत. कुणाला घाबरायचा नाही, कशाचं टेन्शन घ्यायचा नाही. चिमीचा विषय निघाला की 'चालेल गं' म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालायचा. आता मात्र तो नारळाच्या शेंडीकडे बघत म्हणाला, "माझा."

मानसीनं बाटली बाहेर काढली आणि नारळ पिशवीत घातला.

रविवारी पहाटे मितेशनं तिला पायथ्याशी सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. मांडव्याला बोटीतून उतरून आलेली मुंबईची मंडळी पोपटी, जांभळी, केशरी कपड्यांत जागच्या जागी उड्या मारत होती. विपुल नावाचा मंडळाचा पोरगेला संयोजक भोंग्यातून ओरडत होता, "जे कट-ऑफच्या आत येतील त्यांनाच मेडल! मागाहून येऊन भांडायचं नाही!"

मानसीनं घरी फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावेपर्यंत तिच्या मनात चिमीनं बटन गिळलं होतं, आजी घसरली होती आणि गॅस चालू राहिला होता. चौथ्यांदा लावणार तोच शिट्टी वाजली आणि पोपटी-जांभळा लोंढा तिला घेऊन निघाला.

चढ सुरू झाला. नारळ दर पावलाला पाठीत गुद्दा घालत होता. धप! फोन का नाही उचलला? धप! बटन कुठल्या ड्रेसचं? धप! परत फिरावं? वळणावर तिनं पुन्हा फोन काढला, तर रेंज गायब. परत फिरायला ती वळली, एवढ्यात वरून वाजंत्री ऐकू आली.

डोंगरावर? या वेळी?

वर पाहते तो काय! माचीच्या कडेला ठेवणीतली लुगडी, पिवळ्या टोप्या, सनई, ढोल... आख्खी खारआळी उभी होती! ही तिसरी रीत, आणि ती मानसीला कुणी सांगितलीच नव्हती. नवसकरणीला एकटं चढू द्यायचं नाही. मानसी घरातून निघताच मंडळी काळोखातच मागच्या वाटेनं सगळे नारळ घेऊन वर आली होती. आणि सगळ्यांच्या पुढे कमळाबाई. तिच्या कडेवर, टोपडं न घातलेली, डोंगरवाऱ्यात हात पसरून हसणारी चिमी!

पुढचा चढ मानसी कशी चढली ते तिलाच ठाऊक. शर्यतीत पुढे असलेल्या कितीतरी जणांना तिनं मागे टाकलं. अर्थात त्यात तिच्या पायांचा वाटा थोडा आणि ठमाकाकीचा जास्त होता. कारण देवळासमोर ठमाकाकीनं वाट अडवली होती आणि पळत येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू लावून, हातावर खोबरं-गूळ ठेवल्याशिवाय ती कुणाला पुढे सोडत नव्हती.

"एवढ्या जनांची पोरं चालत न्हाईत!" ती हळहळत होती. "मुंबईचं पानीच वाईट."

एक टक्कल पडलेले गृहस्थ धापा टाकत तिच्यासमोर थांबले. त्यांच्या टकलावर तिनं मायेनं गुलाल फासला.

"तुमचं पोर केवढं?"

"बावीस वर्षांचं."

"बावीस! आनि अजून चालत न्हाय?"

"चालतो कसला! दहाशिवाय उठतच नाही."

ठमाकाकीनं त्यांच्या हातावर गुळाचा आणखी एक खडा ठेवला.

पाण्याच्या टेबलापाशी विपुल केस उपटत होता. "मावशी, रेस आहे ही! लोकांना सोडा! अहो, टाइम चाललाय!" पण लोकांनाच सुटायचं नव्हतं. कुणी सनईवाल्याबरोबर सेल्फी काढत होतं, कुणी दुसऱ्यांदा गुळासाठी रांगेत उभं होतं. विपुलच्या टेबलावरच्या त्या चिकट शक्तिवर्धक पुड्यांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

"आई!" मानसीनं हात पुढे केले. "हिला कशाला आणलंत एवढ्या वाऱ्यात? फोन का नाही उचललात? टोपडं कुठाय?"

"फोन ऱ्हायला घरी. हात लावू नको! आधी आईला नारळ!"

कमळाबाईनं चिमीला देवळाच्या पायरीपाशी उभं केलं. चिमी पायरीला धरून डुलत होती. मानसीनं बूट काढले, पिशवीतला मितेशचा नारळ काढला आणि दगडावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. नारळ मालकासारखाच, वरून काही दाखवेना! तिनं दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि चालू दे गं, एवढंच मनात म्हणून जोरात हाणला. फटाक! पाणी तोंडावर उडालं.

आणि मागे एकच आरोळी उठली.

मानसी गर्रकन वळली. चिमी जमिनीवर बसली होती. पण पायरीपाशी नाही, पायरीपासून चांगली लांब! सगळे एकदम बोलत होते.

"चालली!"

"दोन पावलं!"

"दोन कुठली, चार!"

"धावली म्हना ना! मी बघितली!"

सगळ्यांनी बघितली होती. सनईवाल्यानं बघितली, त्या टकल्या गृहस्थांनी बघितली, विपुलनंसुद्धा बघितली. दीड वर्ष जिनं डोळ्याची पापणी लवू दिली नव्हती, ती तेवढी नारळ फोडत होती.

मानसी अनवाणी तिथेच मातीत बसली. हसू आणि रडू एकाच दारातून एकदम बाहेर पडायला बघत होतं. "चिमे," ती म्हणाली, "परत. एकदाच. आईकडे ये."

चिमीनं आईकडे पाहिलं. टाळ्या वाजवल्या. मग ढुंगण वर करून, दोन्ही हात टेकून, हळूहळू उभी राहिली. एक पाऊल. डुलली. दुसरं. चिमी आली, अगदी जवळ आली, आणि आईच्या पसरलेल्या हातांच्या शेजारून, तिच्याकडे न बघता, विपुलच्या टेबलावरच्या केळ्यांकडे चालत गेली.

मानसीला फोन आठवलासुद्धा नाही.

"मॅडम," विपुल केळं सोलत, डोळे पुसत म्हणाला, "कट-ऑफचं बघा हां."

"जाऊ दे ते! मी नाही जात आता."

"जाऊ दे कसं?" कमळाबाई तिच्यापाशी येऊन बसली. आवाज इतका खाली आणला, की सनईच्या आडोशाला तो फक्त मानसीलाच ऐकू यावा. "नवस न्हवता, ते मला ठाव हाय."

मानसीनं चमकून वर पाहिलं.

"नुसती पळायला जाते बोलली असतीस, तर आळीनं नाक मुरडलं असतं. नवसाला कोन आडवनार? दीड वरीस पोरीच्या भवती फिरतेस, तोंडावरचं हसू गेलं तुज्या. पळून येतेस तेवढाच येळ बरी दिसतेस." तिनं मानसीच्या पायांशी बूट सरकवले. "पोर माज्यापाशी हाय. तू पळ."

मानसी पळाली. खाली पोचली तेव्हा वेळ केव्हाच टळली होती आणि शेवटच्या रेषेची कमान अर्धी उतरवली होती. पण कपाळावर कुंकू असलेले सगळेच उशिरा आले होते. त्यामुळे मंडळानं मुकाट्यानं सगळ्यांना पदकं दिली. मितेश एका दगडावर बसून व्हिडिओ बघत होता. आळीतल्या कुणीतरी वरून पाठवला होता. चिमीची पावलं त्यात नीट दिसत नव्हती. मधे सारखी ठमाकाकी येत होती. तरी तो पुन्हा पुन्हा लावत होता. त्यानं मान वर केली नाही, नुसता हात लांब करून मानसीला शेजारी बसवून घेतलं.

संध्याकाळी चिमी पदक चावत ओटीभर चालत होती. मानसीनं ते तीनदा उकळून दिलं होतं. तेवढ्यात दारात ठमाकाकी. हातात नारळ.

"बाय, तुजं पळनं आईला पावतं. पुढल्या साली आमच्या हरेश्वराच्या लग्नाचं बोल."

तिच्या मागे पोराच्या दहावीसाठी एक जण, बोअरच्या पाण्यासाठी दुसरा. सगळ्यांच्या हातात नारळ.

"अहो, पण नवस नव्हताच तो! आई, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

कमळाबाई शांतपणे शेंगा सोलत होती.

"मी काय सांगनार? नवस तोंडातून काढायचा न्हाय." मग तिनं ठमाकाकीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि सुनेकडे वळली.

"त्या मुंबईवाल्यांकडे एकवीस किलोमीटरचं पन असतं ना गो? तेच धर. हरेश्वराचं लग्न दहात व्हनार न्हाय."