न्यूयॉर्कचा घाट

साळवेकाकांच्या मते मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना उतार लागतो आणि येताना चढ.

पुरावा म्हणून ते आपल्या मुलाच्या, मिलिंदच्या, तिकिटाची झेरॉक्स दाखवत. जाताना विमान रात्री अकराला सुटून पहाटे पाचला पोहोचतं. सहा तास. येताना रात्री नऊला सुटतं ते मुंबईत दुसऱ्या दिवशी रात्री नऊला. चोवीस तास. "विमान तेच, रस्ता तोच, मग टाइम चौपट का? घाट कळतो का तुम्हाला?"

काका अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यातून शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झाले होते. बदलापुरात, कात्रपला माझ्या समोरच्या दारी राहत. विमानात कधी बसले नव्हते. कुणाला त्यांचं म्हणणं पटलं नाही की घरातून नारळ येई. शेंडी म्हणजे बदलापूर. "आता इथून मुंगी सोडा. खाली झटकन जाते की नाही?" तळमजल्यावरच्या जोशींनी एकदा खरोखरच मुंगी सोडली. ती शेंडीवरच बसून राहिली.

"व्हिसा नसेल," काका म्हणाले.

पुढे ते भाड्याची तक्रार घेऊन उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या तिकीटवाल्याकडे गेले. मी सोबत होतो.

"शेठ, जाते टाइम विमान न्यूट्रलपे छोडते हैं. तेल बचता है. फिर भाडा उतनाच कायको?"

शेठ सिंधी, स्वभावाने शांत. "साईं, दुनिया गोल है."

"गोल है इसीलिए तो ढलान है!"

शेठने आमच्यासाठी दोन कटिंग मागवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

मिलिंद चार वर्षांत आला नव्हता. दर वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीला येतो म्हणायचा. मार्चमध्ये त्याचा फोन यायचा. तो काकाच घेत आणि ठेवताना काकूंना सांगत, "चढ आहे गं. यंदा नाही जमत."

पाचव्या वर्षी असा फोन आला त्याच दिवशी काका गच्चीवर टाकीतलं पाणी बघत होते. मी वर्तमानपत्रात काम करतो. चुकीचा मजकूर फार काळ डोळ्यांसमोर राहू देणं जमत नाही. मी त्यांना समजावलं. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. प्रवास दोन्हीकडून साधारण सारखाच. उलट वाऱ्यामुळे येताना थोडा कमीच वेळ लागतो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. टाकीचं झाकण लावलं.

"कारखान्यात शिफ्टचं घड्याळ मीच लावायचो हो. कळतं मला."

"मग ही घाटाची भानगड कशाला?"

"ती विचारते ना, पोरगं का येत नाही म्हणून. काय सांगू? त्याला यायचं नाही, असं सांगू?"

इतक्यात काकू वाळलेले कपडे काढायला वर आल्या. दोन चादरी खांद्यावर टाकून माझ्यासमोर थांबल्या.

"भाऊ, तुम्ही पेपरात आहात. तुम्हाला ठाऊक असेल. खरंच एवढा चढ आहे का हो?"

काका लावलेलं झाकण पुन्हा काढून लावू लागले.

"हो काकू," मी म्हणालो. "फार मोठा चढ आहे."

काकूंनी मान हलवली. मग जिन्याकडे जाता जाता काकांना म्हणाल्या, "मग त्याला सावकाश ये म्हणावं. घाटात घाई बरी नाही."