ओळखीवर प्रवेश नाही

अखेर सुनेला तिच्याच खोलीत विनातिकीट शिरताना पकडण्यात आलं, आणि पकडणारे खुद्द तिचे सासरे होते. पण घरातल्या सगळ्यांनी नंतर एकमतानं ठरवलं की असं काही घडलंच नाही. माणसं शब्दाची पक्की आहेत. तेव्हा आपणही काहीच घडलं नाही असं धरू, आणि काय घडलं ते बघू.

सून घरून काम करायची. एका दवाखान्याची वेबसाइट ती बांधत होती. पेशंटनं लॉगिन करायचं, स्वतःचे रिपोर्ट बघायचे आणि दुसऱ्याचे बघायचे नाहीत. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. त्या दुपारी चारला दवाखान्याच्या मालकीण डॉक्टरीणबाई हे सगळं चालतं कसं ते ऑनलाइन बघणार होत्या. त्या हो म्हणाल्या, तर पुढचं सगळं काम सुनेकडे. नाही म्हणाल्या, तर ते दुसऱ्या टीमकडे, आणि सून पुन्हा 'पासवर्ड विसरलात?' या पानाच्या बटणाचा रंग ठरवायला बसणार. त्या रंगावर आजवर पुष्कळ मीटिंगा झाल्या होत्या. रंग ठरला नव्हता.

अडचण एकच होती. तिच्या खोलीत कोणीही शिरायचं. घरातला एकुलता एक धड चार्जर तिथे, इस्त्री तिथे, आणि बोलायला माणूस म्हणजे सूनही तिथेच. मागच्या मीटिंगमध्ये धाकटा दीर टॉवेल गुंडाळून तिच्या पाठीमागे इस्त्री शोधत फिरला होता. सभ्यपणानं कोणी काही बोललं नाही. फक्त तिच्या ऑफिसच्या साहेबांनी नेटवर्क गेल्याचं सांगितलं, आणि ते गेलं नव्हतं.

"आज चार वाजता कोणी आत यायचं नाही," सुनेनं जेवताना जाहीर केलं. "माझं लॉगिन आहे."

"ते लॉगिन-लॉगिन म्हणजे असतं तरी काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंना समजावायचंच होतं, तेव्हा सुनेनं सासूबाईंवर सराव केला. "आई, समजा एक खिडकी आहे. तिथे नाव नि पासवर्ड सांगायचा. बरोबर असला की टोकन मिळतं. त्यावर कोणाचं आहे, किती वेळ चालेल आणि खिडकीची सही. मग आतल्या प्रत्येक दारावर नुसतं टोकन दाखवायचं. दारावरचा माणूस पासवर्ड विचारत नाही. तो तुम्हाला ओळखतच नाही. सही खरी ना, मुदत आहे ना, एवढंच बघतो."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. निवृत्तीपर्यंत ते रेल्वेत तिकीट तपासनीस होते.

"अगं, हे तर मी जन्मभर केलं!" ते म्हणाले. "तुम्हाला याचा पगार देतात?"

तिथेच सगळं बिनसलं. जेवण संपेपर्यंत सासऱ्यांनी स्टूल उचलून सुनेच्या दाराशी मांडलं होतं. सासूबाई स्वयंपाकघरात खिडकीवर नेमल्या गेल्या, कारण त्यांच्या सहीला अशी नक्कल न जमणारी शेपटी असायची की बँकेनंही तिच्यापुढे हात टेकले होते. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची तिकिटं झाली. प्रत्येकानं सासूबाईंच्या कानात आपला पासवर्ड सांगितला.

"पण आई, तुमच्या लक्षात राहतील ना सगळे?"

"मुळीच नाही. पण कोणी चुकीचा सांगितला की मला बरोबर कळतं."

सून थक्क झाली. पासवर्ड साठवायचा नाही पण तपासायचा, हेच करायला तिच्या टीमला सहा महिने लागले होते. तिनं स्वतः सवयीनं आकडे, चिन्हं आणि लहान-मोठी अक्षरं घालून जबरदस्त पासवर्ड तयार केला.

"मोठं अक्षर कानात कसं सांगायचं, आई?"

"जोरात."

पहिला तासभर व्यवस्था उत्तम चालली. दिरानं खिडकीवर पासवर्ड सांगितला, अर्ध्या तासाचं तिकीट घेतलं, चार्जर नेला. थोड्या वेळानं खोलीचं दार उघडलं आणि एक अनोळखी माणूस भलंमोठं खोकं घेऊन सुनेच्या टेबलाशी उभा राहिला.

"सही करा मॅडम."

"बाबा!" सून ओरडली. "हा कुरिअरवाला आत कसा?"

"तिकीट आहे त्याच्याकडे."

"वहिनी, माझं होतं," बाहेरून दीर म्हणाला. "मुदत उरली होती, वाया कशाला घालवायची?"

"बाबा, त्यावर भावजींचं नाव आहे! हे भावजी दिसतात का?"

"सही खरी आहे, मुदत आहे. चेहऱ्याचं तू काही बोलली नव्हतीस."

दुर्दैवानं यात एकही चूक नव्हती. टोकन ज्याच्या हातात, दार त्याचं. तिनं ताबडतोब तिकिटाची मुदत अर्ध्या तासावरून दोन मिनिटांवर आणली, म्हणजे चोरीला गेलं तरी फार उपयोग नको. त्यामुळे नवाच पेच आला. सासूबाई सुनेला काही विचारायला निघाल्या, की गुडघ्यांमुळे दाराशी पोचेपर्यंत तिकीट संपायचं. दोनदा परत पाठवल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मीच दिलंय ते तिकीट!"

"मग देताना विचार करायचा होता," सासरे म्हणाले.

चारला थोडा अवकाश असताना सुनेला तहान लागली. लॅपटॉप उघडा ठेवून ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. परत आली तर स्टूल आडवं.

"तिकीट?"

"बाबा, मी आहे."

"बाई, मागे सरा."

"बाई? अहो, ही माझी खोली आहे!"

"सगळे असंच म्हणतात. ओळखीवर मी सख्ख्या मेहुण्यालाही सोडलं नव्हतं. तो अजून बोलत नाही."

"खरं आहे," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "बोलत नाही माझा भाऊ."

सून खिडकीवर धावली. "आई, लवकर तिकीट द्या!"

"पासवर्ड?"

जबरदस्त पासवर्डातलं सुनेला आता एकही अक्षर आठवत नव्हतं. मोठी अक्षरंही नाही.

"विसरलीस? असू दे, होतं असं," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "मग ओळख पटवायला एक प्रश्न. सासूच्या हातचं तुला सगळ्यात काय आवडतं?"

"सगळंच!"

"खोटं. दुसरं सांग."

"चहा!"

"चहा तुझे सासरे करतात."

"लोणचं, आई, लोणचं!"

"ते विकतचं आहे. तीन चुका झाल्या. आता पंधरा मिनिटं थांब."

तेवढ्यात खोलीतून आवाज आला, "हॅलो? कोणी आहे का?" डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या होत्या. समोर रिकामी खुर्ची, मागे उघडं दार, आणि दारात एका आजोबांनी अडवलेली एक बाई. सुनेला वाटलं, बटणाचा रंग निळाच ठेवावा.

पण दिराकडे ताजं तिकीट होतं. तो आत घुसून खुर्चीत बसला. यावेळी त्याच्या अंगात शर्ट होता.

"वहिनी, तुम्ही तिथूनच सांगा, मी बटणं दाबतो."

सुनेनं उंबरठ्यावरून ओरडून सगळं लॉगिन चालवून दाखवलं. पासवर्ड, टोकन, रिपोर्ट. तेवढ्यात दिराला शिंक आली आणि त्यानं नको ते बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'तुमची मुदत संपली आहे.' त्याच क्षणी सासऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि त्याची कॉलर धरली.

"तुझीही संपली. चल बाहेर."

खोली रिकामी झाली. पडद्यावर डॉक्टरीणबाई एकट्याच राहिल्या. सुनेनं डोळे मिटले.

"ते आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हालाही आत सोडत नाहीयेत?"

"नाही, मॅडम."

"आणि खोली तुमची आहे?"

"हो, मॅडम."

"माझ्या दवाखान्यात कंपाउंडरची मावशीसुद्धा येऊन कोणाचेही रिपोर्ट चाळून जाते. म्हणे, ओळखीची आहे." त्यांनी मोठा श्वास घेतला. "मला हे असंच हवंय. काम तुमचंच."

सुनेनं आनंदानं आत उडी मारली आणि विनातिकीट पकडली गेली. ते अर्थात घडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं थांबायला हवं होतं. पण डॉक्टरीणबाईंसारख्या शिकलेल्या बाईनं वाखाणल्यापासून सासऱ्यांची छाती फुगली होती. सकाळी सासूबाई स्वयंपाकघराकडे निघाल्या तर दारात स्टूल.

"तिकीट?"

"अहो, तिकिटं देते कोण?"

"ते मला माहीत नाही. मी माणसं ओळखत नाही."

"इतकी वर्षं संसार केलाय मी तुमच्याशी!"

"त्याची मुदत तपासावी लागेल," सासरे म्हणाले.

सासूबाई मागे वळल्या, टेबलापाशी बसल्या आणि कॅलेंडरच्या उरलेल्या कागदावर त्यांनी रेल्वेच्या मुख्य कार्यालयाला अर्ज लिहिला. खाली ती शेपटीवाली सही केली आणि दिराला तो लगोलग पोस्टात टाकून यायला सांगितलं.

"महोदय, आपल्या खात्यातून सेवानिवृत्त झालेले आमचे हे प्रकृतीने ठणठणीत असून कामाची आवड अद्याप कायम आहे. तरी वयाची अट शिथिल करून त्यांना तत्काळ कामावर परत घ्यावे, शक्यतो लांब पल्ल्याच्या गाडीवर. पगाराची अपेक्षा नाही. डबा घरून पाठवण्यात येईल. कळावे."