मागितलं तेवढंच

कान्हे गावात आमच्या शेजारच्या जजसाहेबांकडे जेवायला जाणार असाल तर घरून खाऊन जा. स्वयंपाक उत्तम करतात हो! पण आपण पडलो मराठी माणसं. पहिल्या वाढपाला "नको नको" म्हणायचं आणि आग्रहाची वाट बघायची. साहेब लगेच पातेलं उचलतात. "मागणी मागे घेतलीत," म्हणतात आणि श्रीखंड फ्रीजमध्ये जातं. आमचे हे एकदा तिथून जेवून आले आणि घरी पोहे मागत बसले.

निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी अंगातलं कोर्ट काही उतरत नाही. "कढीपत्ता आहे का?" विचारलं की "आहे" म्हणतात आणि दार लावून घेतात. "द्याल का?" हे वेगळं मागावं लागतं. मागितलं की मात्र स्टुलावर चढून कोवळा बघून तोडून देतात.

असा माणूस! तरी आंदर मावळातून लोक भांडणं घेऊन यांच्याच ओट्यावर येतात. "सायबाच्या निकालात खोट न्हाई," म्हणतात. ते मात्र अगदी खरं.

परवा बबन आणि सोपान हे दोघे भाऊ आले. वडील गेल्यावर राहतं घर वाटून हवं होतं. बरोबर आलेली त्यांची आई, सरूमावशी, खाली पायरीवरच टेकली. मी वाटी परत करायला गेले होते, ती रेंगाळले. साहेबांनी दोघांचं नीट ऐकलं, मधली भिंत कुठून घालायची ते सांगितलं, कुणाला कुठल्या खोल्या तेही सांगितलं. दोघेही राजी झाले.

मला काही राहवेना. "आणि मावशी कुठे राहणार?"

"ते मागणीत नाही."

"अहो, मग तुम्हीच घाला की!"

"वहिनी, कुणी न मागितलेलं मी देऊ लागलो, तर ज्याचं जातं त्यानं आपली बाजू मांडायची कधी? आज मावशींना खोली देईन, उद्या तुमच्या परसातून कुणाला रस्ता काढून देईन. चालेल?"

नाही चालणार. मी चडफडत वाटी ओट्यावर ठेवली.

साहेब उठले आणि पायरीवर मावशीशेजारी जाऊन बसले. "मावशी, तुम्हाला काही मागायचंय?"

"मला काय नको, सायेब."

झालं! गेलं श्रीखंड फ्रीजमध्ये, म्हटलं. पण साहेब हलले नाहीत.

"नीट विचार करून सांगा."

"न्हाई वो. पोरांचं भागलं, लय झालं."

"मागा हो, मावशी. तुम्ही मागितल्याशिवाय मला देता येत नाही."

मावशीने पदर तोंडाशी नेला. "चुलीपाशी निजते मी. तितनं मरेस्तवर कुनी उटवू नये. येवढंच."

साहेब मुलांकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

बबनची मान खाली गेली. "आमी कवा न्हाई म्हनलो? आयनं कवा सांगितलंच न्हाई."

चूल आणि तिच्यापुढची जागा मावशीच्या हयातीपर्यंत मावशीची ठरली. तिघं एकाच जीपने परत गेले.

"साहेब, आज चक्क आग्रह केलात!" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "आमची ही जन्मभर 'मला काही नको' म्हणत राहिली, वहिनी. मला ते खरंच वाटायचं." मग म्हणाले, "चहा घेणार?"

"नको," मी सवयीने म्हटलं.

साहेब आत जायला निघाले. दारातून परत फिरले.

"घ्या हो," म्हणाले, "अर्धा कप तरी."