नागोराव डफळे यांचे शून्य पाठ

श्री. लेखणीस यश येवो, वाचणाऱ्याचा डोळा न लागो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, आषाढ मासी एका राज्याच्या परगणे दफ्तरी जे वर्तले ते ऐसे. राज्याची आज्ञा जाहली की, चाकरीत शिरला म्हणजे शिकणे सरले ऐसे न समजावे. प्रत्येक कारकुनाने वर्षास बारा पाठ संगणकावर आपले नावे ऐकावे आणि प्रश्न सोडवावे. आज्ञा थोर. परंतु दफ्तरी कारकून नऊ, आणि त्यांत कोणास नाही म्हणू न शकणारे एक, ते नागोराव डफळे. मग टपालाच्या मैनाबाई ठोंबरे म्हणाल्या, "नागोभाऊ, माझे पाठ तेवढे बसून द्या हो, टपाल तुंबलंय." आणि दाखले देणारे गोडखिंडी बोलिले, "डफळे, तुम्हाला शिकायची गोडी आहे, आम्हाला बीपी आहे." ऐसे करिता करिता आठ जणांचे पासवर्ड नागोरावांचे वहीत आले, आणि त्यांनी आठ नावांनी शहाण्णव पाठ इमानाने ऐकिले. पाठ चालू ठेवून चहास जावे, तर तेही साधेना. शिकविणारा बोलत असता उठणे त्यांस उद्धटपणा वाटे. स्वतःचे नावे बसण्यास मात्र फुरसत न मिळाली.

मग श्रावणी अव्वल कारकुनाची जागा रिकामी जाहली. नागोराव एकवीस वर्षे तिची वाट पाहात, आणि भाद्रपद अखेरीस निवृत्त होणार. परंतु ज्याचे पाठ पुरे त्यासच पद. सरसुभेदार इंदुमतीबाई पाहणीस आल्या, नोंद पाहिली, तो आठ जणांचे बारा बारा आणि नागोरावांचे शून्य. बाई मोजूनमापून चालणाऱ्या. त्यांनी गोडखिंडींस पुसिले, "विजेच्या यंत्रास आग लागली तर पाणी का टाकू नये?" गोडखिंडींनी मान वळविली ती नागोरावांकडे. मैनाबाईंस पुसिले, "अर्ज दुसऱ्या दफ्तराचा निघाला तर किती दिवसांत पुढे पाठवावा?" त्यांचीही मान तिकडेच. आठ प्रश्न, आठ माना, दिशा एक.

बाई म्हणाल्या, "होकायंत्र उत्तम आहे. डफळे, मग तुम्ही शून्य कसे?"

"बाईसाहेब, रांगेत माझा नंबर नववा होता."

मग हुकूम जाहला की आठ जणांचे पाठ नोंदीतून पुसून टाकावे, त्यांनी पुन्हा बसावे; आणि नागोरावांचे नावे तीन दिवसांत बारा दिसले तर पद, न दिसले तर नाही. बाई जाताच मैनाबाई म्हणाल्या, "नागोभाऊ, द्या तुमचा पासवर्ड. आम्ही आठ जण दोन तासांत उरकतो."

"नको, मैनाताई," नागोराव म्हणाले, "पाठ सरला की 'शाबास, गोडखिंडी', 'शाबास, ठोंबरे' असं वाचत आलो. एकदा डफळे वाचू द्या."

मग नागोराव तीन दिवस बसले, पाठ असलेलेही नवे समजोन ऐकिले, आणि त्यांचे मेज आठ जणांनी सांभाळिले. तिसरे दिवशी सायंकाळी "शाबास, नागोराव डफळे" ऐसे उमटले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचिले, आणि गोडखिंडी बीपी विसरून टाळ्या वाजवीत उभे राहिले.

सारांश, डफळे अव्वल कारकून जाहले, पुरते पाच आठवडे. पहिला हुकूम हा की वहीचे ते पान फाडून ज्याचा पासवर्ड त्यास परत द्यावा. गोडखिंडी चौथ्या पाठास पोचले आहेत; उत्तर चुकते, परंतु मान सरळ असते. घडले तैसे लिहिले. उणे असेल ते ज्याने त्याने आपले नावे शिकोन घ्यावे.