आठ फुटांवरून दौलतजी

दौलतजी कुणाशीही बोलायचे ते आठ फुटांवरून. तुम्ही गप्पा मारायला दोन पावलं पुढे गेलात की ते दोन पावलं मागे. उजवा पाय पुढे, डावा डोळा बारीक आणि नजर तुमच्या दोन भुवयांच्या मधोमध. नवखा माणूस बिचारा आपलं कपाळ पुसायला लागायचा. देवळातसुद्धा ते आठ फुटांवरूनच हात जोडत, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका करवादत.

त्यांचा पेशाच तसा होता. दौलतजी आठ फुटांवरून डार्ट फेकत. अमरावतीच्या कॅम्पात पूर्वी साहेब लोकांचा एक क्लब होता. तिथल्या भिंतीवर एक गोल फळी होती. तिच्यात वीस फाकी पाडून आकडे घातलेले. साहेब संध्याकाळी पेला हाती घेऊन तिच्यावर पिसांचे छोटे बाण मारायचे, आणि पेले वाढत गेले की बाण भिंतीत, पडद्यात, एकदा तर खानसाम्याच्या फेट्यात. ते उपटून आणायला दोन पट्टेवाले होते. एक आमचे दौलतजी, दुसरे शामरावजी. साहेब झोपायला गेले की हे दोघे खेळत. पुढे क्लब बंद पडला. भिंतीवरची आणि अडगळीतली एक जुनी अशा दोन फळ्या जळणात निघाल्या होत्या, त्या दोघांनी एकेक वाटून घेतल्या आणि तेवढ्या भांडवलावर दौलतजींनी स्वतःला पेशेवर खेळाडू म्हणून जाहीर केलं.

आता वऱ्हाडात डार्टवर पोट कसं भरतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत जिथे जत्रा भरेल तिथे दौलतजी जात. बाण मारून बक्षीस जिंका, अशी दुकानं असतात ना, तिथे. पहिल्या वर्षी त्यांनी एका दुकानातला सगळा माल अर्ध्या तासात जिंकून आणला. पुढल्या वर्षापासून दुकानदार त्यांना लांबून पाहताच हात जोडून सामोरे यायचे, चहा पाजायचे आणि न खेळण्याबद्दल वस्तू द्यायचे. न खेळण्याची बिदागी घेणारा दुसरा खेळाडू मी पाहिलेला नाही. त्यांच्या एकट्याच्या घरात एकोणीस कंगवे होते, आणि डोक्यावर केस म्हणाल तर नावाला नाही.

शिरगणतीवाल्याने त्यांच्या नावापुढे ‘बेकार’ लिहिलं तेव्हा त्याला तासभर उभा करून त्यांनी भाषण दिलं. आमच्या गल्लीत लग्न असलं की वधूपिता मला गाठून म्हणायचा, मास्तर, दौलतजींना अक्षता देऊ नका. कारण ते मूठभर अक्षता उधळत नसत. एकेक दाणा फेकत, आणि प्रत्येक दाणा नवरदेवाच्या नाकावर. वर म्हणायचे, “नजर पाह्यजे बापा, नजर.”

पण त्यांचा खरा सामना पोस्टकार्डावर चाले. शामरावजी मुलाच्या नोकरीपायी अकोल्याला गेले तेव्हा दोघांनी ठरवलं की खेळ मोडायचा नाही. दर रविवारी शामरावजींनी अकोल्यात तीस बाण मारायचे, प्रत्येक बाणाचा आकडा कार्डावर लिहून पाठवायचा. पुढच्या रविवारी दौलतजींनी तीस मारून उत्तर द्यायचं. बेरीज जास्त त्याचा डाव. पहिली फेक अकोल्याची, कारण शामरावजी सहा महिन्यांनी मोठे. जो आधी शंभर डाव जिंकेल तो वऱ्हाडचा चॅम्पियन, आणि तिथे खेळ खतम. लबाडी नको म्हणून साक्षीदाराची सही. तिकडे शामरावजींच्या बायकोची, कार्डही त्याच लिहीत; इकडे माझी. मी गणिताचा मास्तर, माझ्या बेरजेवर दोघांचा विश्वास.

चार वर्षांत दोघांचे नव्व्याण्णव-नव्व्याण्णव डाव झाले, आणि गाडी अडली. दिवाळीनंतर जी बरोबरी सुरू झाली ती संपेचना. अकोल्याचे चारशे तीस, तर आमचेही चारशे तीस. अकोल्याचे तीनशे नव्वद, तर आमचेही तीनशे नव्वद. गल्ली रविवारी खिडकीशी गोळा व्हायची. एकोणतीस बाण झक्क पडायचे, आणि शेवटचा, जिंकून देणारा बाण हमखास भलत्याच फाकीत. दौलतजींची कारणं तयार. बल्ब हालला. शेजारी मिरचीची फोडणी पडली. कुणीतरी शनीची साडेसाती काढली. मी चिडायचो. एवढा जत्रा गाजवणारा माणूस, चॅम्पियन व्हायला एक डाव हवा, आणि याचा हात ऐन वेळी कच खातो म्हणजे काय!

मार्चमध्ये पेपर तपासणीच्या बैठकीसाठी अकोल्याला गेलो. रविवार होता, म्हटलं शामरावजींना गाठू. दार उघडंच होतं. आत पदर खोचून शामरावजींच्या बायको, आमच्या वहिनी, फळीवर बाण मारत होत्या. खाटेवर लोडाला टेकून शामरावजी बसलेले. उजवा हात मांडीवर निपचित. तोंडाने मात्र चालू होतं: कोपर वर घे, श्वास धर, एवढी वर्षं पोळ्या लाटल्या त्या कोणत्या हातानं.

मला पाहून वहिनींच्या हातातला बाण गळाला. मग ओसरीवर येऊन त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी अर्धं अंग गेलं. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात, घास भरवला तर थुंकतात. “पन रविवारी सकाळी सोताच म्हनते, बसव मले. तेवढ्यासाठीच जगून राह्यले, भाऊजी. दौलतजीले नोका सांगू. दया येऊन ते खेळ बंद करतीन, अन् मंग हे उठनार नाही.”

मी शब्द दिला. परत आलो. आजवर वाटायचं, दौलतजींनी एकदाचा तो शंभरावा डाव मारावा. आता तोच मारतील की काय, या धास्तीने मी बुधवारी त्यांच्याकडे गेलो. नवं कार्ड येऊन पडलं होतं. दौलतजींनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सरळ विचारलं, “हात कोनाचा आहे, मास्तर?”

त्यांनी सगळी कार्डं पुढे मांडली. म्हणाले, फळीवर वीसच्या डाव्या अंगाला पाच असतात, उजव्या अंगाला एक. शामराव वीसवर मारायचा, चुकला की त्याचे पाच यायचे, सारी उमर पाचच आले. दिवाळीपासून चुकला की एक येतो. हा हात शामचा नाही.

मग मी सगळं सांगून टाकलं. शब्द मोडला, पण इलाज नव्हता. दौलतजी ऐकत होते. “उठून बसते म्हनता?” त्यांनी दोनदा विचारलं. लोडाला टेकून, म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

तेव्हा कुठे माझ्या गणिती डोक्यात प्रकाश पडला. वीस-एकवीस रविवार, दर वेळी अगदी तेवढीच बेरीज, एक कमी नाही, एक जास्त नाही. मी सही करत होतो, आणि मला गाढवाला संशय आला नव्हता.

“जिकनं सोपं आहे, मास्तर,” ते म्हणाले. “शाम हरला तरी खेळ खतम, मी हरलो तरी खतम. मंग कोनासाठी फेकू? मले बी रविवारशिवाय कोन आहे?”

त्या रविवारी अकोल्याचे चारशे बारा होते. शेवटच्या बाणाआधी आमचे चारशे पाच. वीसची फाक समोर होती, गल्ली ओरडत होती. दौलतजींनी श्वास धरला आणि डाव्या बाजूला खाली, सातच्या फाकीत, मधोमध बाण रोवला. पोरं हसली, म्हातारा खलास झाला म्हणाली. मी मान खाली घालून सही केली. असा नेम पुन्हा कधी पाहीन असं वाटत नाही, आणि तो पाहणारा मी एकटा होतो.

लोक पांगल्यावर त्यांनी मला थांबवलं. कार्ड माझ्यासमोर धरलं.

“ह्यात तं लेहता येत नाही,” ते म्हणाले. “पन तुमी अकोल्याले जासान तवा वयनीले सांगजा, पाय जरासा डाव्या अंगाले घे म्हना. एक यायचे बंद होतीन. अन् कोनं सांगतलं ते नोका सांगू.”

पुढच्याच शनिवारी मी अकोल्याची गाडी धरली.