बारकूबायचे गाल

पहिला गळा मी काढला. माझ्यामागून आळीतल्या बायकांनी काढला, आणि कुणीतरी बारकूबायच्या नवऱ्याला बोलवायला कारखान्याकडं धावलं.

चूक माझी नव्हती. बारकूबाय जमिनीवर उताणी पडली होती. पाय दक्षिणेला. तोंड पांढरंफटक. हनुवटीखालून डोक्यावर पट्टी आवळलेली, मेलेल्या माणसाची आवळतात तशी, आणि दोन्ही डोळ्यांवर कापूस. हाका मारल्या तरी ओ नाही. अशा बाईला कुणी काय समजावं?

नवरा धापा टाकत आला. बघितलं आणि म्हणाला, "लेप हाय. सुकंपर्यंत ती बोलत नाय."

मग प्रेतानं हात वर केला आणि आम्हाला बाहेर जायची खूण केली.

उरणला एस.टी. नवीनच सुरू झाली होती तेव्हाची ही गोष्ट. बारकूबाय पनवेलातली माझी शेजारीण, तिची भिंत ती माझी भिंत. माहेर चिरनेरचं. नवरा बैलगाड्यांची चाकं बनवायच्या कारखान्यात. वय माझ्याएवढंच, म्हणजे चाळिशी कधीच मागं पडलेली. माझं तोंड तेव्हाच सुकल्या खारकेसारखं झालं होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. ती मात्र गालांची राखण करायची, लोक शेताची करतात तशी.

"गाल वघळू द्यायचं नाय," हे तिचं ब्रीद. तोंड धुवायची ते खालून वर. पुसायची ते खालून वर. विहिरीवर येताना गाल फुगवून यायची आणि जाताना आत ओढून जायची, त्यामुळं वाटेत तिला काही विचारायची सोय नव्हती. हसू आलं की आधी दोन्ही तळहातांनी गाल उचलून धरायची आणि मग हसायची. नवऱ्याशी भांडायची तेही चेहरा न हलवता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई जप करतेय.

कातडी म्हणजे तिच्या मते पापड. "वला हाय तवर ताणून घ्यायचा. वाळला का मोडंल, पसरायचा नाय."

लेपाला अंडी माझ्या कोंबड्यांची. पांढरं तिच्या तोंडाला, पिवळं नवऱ्याच्या पोटाला. काही वर्षांत तिचे गाल जिथल्या तिथं राहिले आणि नवऱ्याचं पोट धोतराच्या वर आलं.

"नवरा दिवसभर चाकाकडं बघतो," मी तिला एकदा म्हटलं. "गाल दाखवायचेत कुणाला?"

"त्याला कोण इचारतंय," ती म्हणाली. "माजे आयेला."

"तुझी आई तर आंधळी."

"म्हनून तर."

मग तिनं सांगितलं. माघी गणपतीच्या जत्रेला ती दरवर्षी चिरनेरला जायची. म्हातारीला दिसायचं बंद झालं होतं. ती लेकीला समोर बसवायची आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड चाचपायची. गाल भरलेले लागले की "हाय, बरी हाय" म्हणून जेवायला बसायची. एका वर्षी बारकूबाय टायफॉईडमधून उठून गेली होती. म्हातारीच्या हाताला हाडं लागली. जत्रा संपली तरी म्हातारीनं अन्नाला हात लावला नव्हता.

आणि या वर्षी जत्रेच्या तोंडावर बारकूबायच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. गाल आत गेला. ज्याला बघून मी गळा काढला तो लेप आणि ती पट्टी त्यासाठीच होती. पण दाढेची जागा लेपानं भरते होय? शेवटी तिनं एक अख्खी सुपारी गालात बसवली आणि आरशात बघून मान डोलावली.

मीही बरोबर गेले. जत्रेला म्हणून सांगितलं, पण मला पुढची गंमत बघायची होती.

गाडीत कंडक्टरनं कुठं जायचं म्हणून विचारलं, तर ही सुपारी सांभाळत नुसती "उं, उं" करायला लागली.

"मावशी, ही मुकी आहे का?" त्यानं मला विचारलं.

"आज आहे," मी म्हटलं.

म्हातारी ओटीवर वाट बघत होती. काटकीसारखी बाई, पण हात रुंद, मिठागरात राबलेले. बारकूबाय समोर बसली. म्हातारीची बोटं कपाळावरून निघाली, डोळ्यांवरून आली, डाव्या गालावर थांबली.

"तोंडात काय हाय?"

"काय नाय."

"थूक."

बारकूबायनं सुपारी काढून हातात घेतली. गाल आत गेला. म्हातारीनं तो खळगा दाबून बघितला. मग कानाकडं गेली. तिथल्या सुरकुत्या तिनं एकेक करून चाचपल्या, तांदूळ निवडावेत तशा.

"वाईच दुखनं झालता, आये," बारकूबाय म्हणाली. "भरंल परत."

"मना शिकवू नको. दुखन्याचा गाल येगला लागतं." म्हातारीनं तिची हनुवटी धरून हलवली आणि हसायला लागली. "म्हातारी झायलीस गो तू."

"हां," बारकूबाय म्हणाली.

म्हातारीनं आत हाक मारली. "गूळ आन गो. माजी पोर म्हातारी झायली."

पुतणसून गुळाची ढेप घेऊन आली. म्हातारीनं ती तिथंच फोडायला लावली. पहिला खडा लेकीच्या तोंडात, नीट चावता येईल अशा उजव्या बाजूला घातला. मग रस्त्यानं जत्रेला चाललेल्या बायांना हाका मारमारून ओटीवर बोलावलं, बारसं असल्यासारखं, आणि प्रत्येकीला बारकूबायच्या सुरकुत्यांना हात लावायला सांगितलं. आणि बारकूबायनंही एकेकीपुढं मुकाट्यानं तोंड केलं.

मी पुतणसुनेला बाजूला घेऊन विचारलं, हा काय प्रकार. तिनं माझ्या हातावर गूळ ठेवत सांगितलं.

म्हातारीला सहा मुलं झाली होती. तिघं पटकीत गेली, एक देवीत गेलं, थोरला ऐन विशीत खाडीत बुडाला. म्हातारं होण्याइतकी जगली ती एकटी बारकूबाय.